सगळ्यात वाईट किती?

भोरच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं एक दुकान होतं. त्याच्या काचेवर एके दिवशी हातानं लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली दिसली. ‘कॉम्प्युटर येणारा माणूस पाहिजे. मशीनची भीती नसावी. घाई नसावी. नसरापूर फाट्याच्या अलीकडं, वजनकाट्यामागची पत्र्याची शेड.’ पगार किती, शिक्षण काय, कुणाला भेटायचं, काही नाही. फक्त ‘घाई नसावी’च्या खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

नवं शतक सुरू होऊन तीनचार वर्षं झाली होती. मी अठ्ठावीस वर्षांची. नवऱ्याची बँकेतून भोरला बदली झाली म्हणून पुण्यातली नोकरी सोडून आले होते. कॉम्प्युटरची पदवी होती, पण भोरमध्ये तिचा उपयोग टायपिंग क्लासमध्ये शिकवण्यापलीकडं नव्हता. घाई तर मला कसलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी गेले.

शेडमध्ये पंचावन्नएक वर्षांचे एक गृहस्थ स्टुलावर हाताची घडी घालून बसले होते. पांढरी दाढी बारीक कातरलेली, शर्टाची सगळी बटणं लावलेली, अगदी गळ्याचंही. समोर कॉम्प्युटर. त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या स्टुलाकडं बोट दाखवून म्हणाले, “बसा. आकडा वाढतोय का बघा.”

पडद्यावर एका चौकटीत नऊ हा आकडा होता. मी बघत बसले. तेही बघत होते. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते, पत्रा तापून मधूनच कडकड वाजत होता. अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं, “काय दिसलं?”

“काही नाही. नऊ होते, नऊच आहेत.”

“कंटाळा आला?”

“आला.”

“मग उठला का नाहीत?”

“तुम्ही बसा म्हणालात.”

ते एवढ्या मोठ्यानं हसले की मी दचकले. “उद्यापासून या,” म्हणाले. माझं नाव त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं. हाक मात्र शेवटपर्यंत ‘बाई’ अशीच मारली.

हायवेवरचे सगळे त्यांना चाचा म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचे वडील भोरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. चाचांनी स्वतः पुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात वीस-बावीस वर्षं मशीन दुरुस्तीचं काम केलं आणि एके दिवशी ते सोडून ते परत आले. इथं ते हातानं चाक फिरवून चालवायची जुनी मशीनं घेत, त्यांना मोटारी जोडत आणि त्या मोटारी साध्या कॉम्प्युटरनं चालवत. नवं परदेशी मशीन न परवडणारे छोटे कारखानदार त्यांच्याकडं येत.

माझं काम काय, हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात एकदाच समजावून सांगितलं.

“बाई, कॉम्प्युटरमध्ये एक मुकादम असतो. सगळी कामं तोच वाटतो. साधा मुकादम लई भला. पडदा रंगवायचाय? चल, रंगवू. फाईल लिहायचीय? चल, लिहू. कुणालाच नाही म्हणत नाही. आणि अशात मशीननं हाक मारली की म्हणतो, आलोच. त्या ‘आलोच’मध्ये घात आहे. आपल्याला तसला मुकादम नको. मशीननं हाक मारली की हातातलं टाकून धावणारा पाहिजे. दर वेळी. एकदाही न चुकता.”

असला मुकादम त्यांना एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीत सापडला होता. जगभरातल्या अनोळखी लोकांनी तो लिहिलाय आणि कुणालाही वापरायला दिलाय, याचं त्यांना भारी अप्रूप होतं. डिक्शनरी घेऊन, वयाच्या पन्नाशीनंतर, ते त्यातली पानंच्या पानं वाचायला शिकले. लाँगबुकात मराठीत टिपणं काढलेली होती, अक्षर शाळामास्तरासारखं.

पडद्यावरचा आकडा म्हणजे त्या मुकादमाचा उशीर. सेकंदाचे दहा लाख तुकडे करायचे. मशीननं हाक मारल्यापासून मुकादम धावेपर्यंत त्यातले किती तुकडे गेले, ते मोजायचं. पन्नासच्या आत असले तर मोटार गुमान चालते. शेकड्यांत गेले की मोटारीचं पाऊल चुकतं. “आणि एकदा पाऊल चुकलं ना बाई, की मशीनला वाटतं मी इथं आहे, आणि ते असतं भलतीकडंच.” चौकटीत दिसायचा तो सुरुवातीपासूनचा सगळ्यात मोठा उशीर. तो आकडा वर जाऊ शकायचा, खाली कधीच नाही.

हुशारी दाखवायची म्हणून मी एकदा शेजारी दुसरी चौकट केली आणि तिच्यात सरासरी दाखवली. छान दिसत होती, तीनच्या आसपास. चाचांनी ती बघितली, खणातून काळी चिकटपट्टी काढली, दातानं तोडली आणि पडद्यावर त्या चौकटीवर चिकटवून टाकली. ती पट्टी चार वर्षं तिथंच होती.

सरासरी हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटे. माणसंही ते तशीच जोखत. चहावाल्याचा सगळ्यात वाईट उशीर चाळीस मिनिटं. पोस्टमनचा सहा दिवस. वेल्ह्याच्या गाडीचा तर त्यांनी पाठच करून ठेवला होता. माझा नवरा पहिल्यांदा शेडवर आला, तेव्हा त्याला पाणी देऊन, समोर बसवून त्यांनी गंभीरपणे विचारलं, “साहेब, तुमचं सगळ्यात वाईट किती?”

नवरा बिचारा गोंधळला. मी खुलासा केल्यावर थोडा विचार करून म्हणाला, “लग्नाच्या दिवशी. मुहूर्ताला वीस मिनिटं.”

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. “खरं?”

“पंचवीस,” मी म्हणाले.

“बघा,” चाचा म्हणाले, “मोजणारा नेहमी दुसरा पाहिजे.”

कुठलाही नवा कॉम्प्युटर आला की ते त्याला ‘अहो’ म्हणायचे. “अहो, जरा उठा,” म्हणत बटण दाबायचे. तीन दिवस आणि तीन रात्री अखंड परीक्षा पार पडली की मग ‘तू’. या तीन दिवसांत त्या कॉम्प्युटरचे ते अतोनात हाल करीत. एकाच वेळी मोठाल्या फाईली इकडून तिकडं न्यायच्या, गाणी लावायची, पडद्यावर चित्रं गरागरा फिरवायची, शेजारी वेल्डिंग सुरू करायचं. तेवढ्यानं समाधान होत नसे. दारात येईल त्या माणसाला ते आत बोलवत. “या, बसा. जरा छळा याला.” दूधवाला, वजनकाट्यावरचा कारकून, रस्ता चुकून चौकशीला थांबलेला टेम्पोवाला, सगळ्यांनी आमचे कॉम्प्युटर छळलेत.

एकदा डोक्यावर पाटी घेऊन करवंदं विकणारी एक बाई आली. चाचांनी तिला स्टुलावर बसवून हातात माऊस दिला.

“आगं बया, ह्यो बाण पळतूय की!” ती म्हणाली.

“पळवा. लई पळवा. त्या खिडक्या दिसतात ना, ओढा इकडं तिकडं.”

“मोडलं म्हंजी?”

“मोडलं तर तुमचे उपकार होतील.”

तिनं पाच मिनिटं अशी दाणादाण उडवली, की नऊवर ठाण मांडून बसलेला आकडा अकरा झाला. माझ्यासारख्या पदवीधर बाईला दोन दिवसांत जमलं नव्हतं. चाचांनी उभं राहून तिला हात जोडले आणि अख्खी पाटी विकत घेतली. पुढचे दोन दिवस आम्ही, वेल्डर आणि वजनकाट्यावरचे लोक करवंदंच खात होतो.

पुढं मी मोठाल्या कंपन्यांत काम केलं. तिथंही हुशार माणसं होती, चांगली माणसं होती. पण एखादी गोष्ट बिघडावी म्हणून एवढ्या मायेनं धडपडणारा माणूस मला परत भेटला नाही.

आता ती गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय चाचा पुरे होणार नाहीत, आणि तिच्यात माझी बाजू चांगली नाही.

हायवेवरच्या एका कारखानदाराचं लोखंड कापायचं मिलिंग मशीन आमच्याकडं होतं. हे वेळेत गेलं तर त्याच्याकडची आणखी चार मशीनं आम्हाला मिळणार होती. मे महिना होता. परीक्षा लावली आणि दुसऱ्या दिवशी भारनियमनात इन्व्हर्टरनंही दगा दिला. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी अडीच दिवस झाल्यावर तेच. चाचांनी कुठून तरी जनरेटर आणला आणि तिसऱ्यांदा परीक्षा लावली. कारखानदाराचे फोन दिवसातून दोनदा येत होते. ते मीच घेत होते, कारण चाचा फोनवर “होईल तेव्हा होईल” एवढंच बोलत.

तिसऱ्या परीक्षेचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. चाचा जुम्म्याच्या नमाजाला भोरला गेले. दर शुक्रवारी जात आणि चारच्या सुमारास परतत. संध्याकाळी पाचला परीक्षा संपणार होती. आकडा बारावर होता. मी एकटीच होते. अडीच वाजले असतील, पदरानं वारा घेत मी पडद्याकडं बघत होते आणि माझ्या डोळ्यांदेखत बाराचे चारशे दहा झाले.

मग मी स्वतःला सांगितलं, टेबलाला धक्का लागला असेल. धक्क्यानं असं होत नाही, हे मला ठाऊक होतं. चौकटीखाली एक बटण होतं, ‘पुन्हा शून्यापासून’. मी ते दाबलं. आकडा शून्य झाला, मग सात, मग अकरा, आणि चाचा परत येईपर्यंत बारा.

“बाराच?” त्यांनी विचारलं.

“बाराच,” मी म्हणाले.

पाचला परीक्षा संपली तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “शाब्बास रे.” मग माझ्याकडं वळून, “तुम्हीही, बाई.”

सोमवारी मशीन गेलं. कारखान्यात ते सुरू झालं, पहिला तुकडा कापला, मालकानं पेढे वाटले. चाचांची एक रीत होती. मशीन गेलं की दुसऱ्या दिवशी ते वेल्ह्याला जात. कुणाकडं, ते मी कधी विचारलं नव्हतं. या वेळी म्हणाले, “बाई, तुम्हीपण चला. माझे एक दोस्त आहेत, तुमची ओळख करून देतो.”

वेल्ह्याच्या बाजारातून अर्धा तास चालल्यावर तोरण्याच्या पायथ्याची एक वाडी लागली. अंगणात मांडव, मांडवाखाली बाज, बाजेवर चाचांच्याच वयाचे एक शेतकरी. चाचा त्यांना तात्या म्हणत.

“आला व्हय?” तात्या उठले. “या बाई, हितं सावलीला बसा. उन्हाचं चालत आलायसा.”

काकूंनी चहा आणला. तात्यांनी कप उचलला तेव्हा मला दिसलं. उजव्या हाताला अंगठा आणि एकच बोट होतं. बाकीची तीन मुळापासून नव्हती. कप त्यांनी त्या दोघांतच इतक्या सराईतपणे धरला होता की मी बघत राहिले, आणि मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

“ह्ये व्हय?” ते सहज म्हणाले. “कंपनीत गेली. ह्योबी तिथंच व्हता, दुरुस्तीला. मशीनला थांब म्हणून बटन दाबलं, थांबलं म्हणून कापलेला जॉब काढाया हात घातला, तर ते अजून थांबायचंच व्हतं. येवढंसं पुढं आलं. पापनी लवती ना, तेवढंच.”

चाचा जमिनीकडं बघत होते.

“मशीन गेलं का पर?” तात्यांनी विषय बदलला.

“गेलं. बारावर गेलं.”

“बारा म्हंजी चांगलं का वाईट, मला अजून कळंना,” तात्या हसत मला म्हणाले. “पर ह्यो मानूस हसला म्हंजी चांगलं समजायचं. लई चेंगट हाय बाई ह्यो. पर तुमी आल्यापासनं माज्या जिवाला बरं वाटतंय. येकाला दिसलं न्हाई तर दुसऱ्याला दिसंल.”

माझ्या हातात चहा होता, तो मला पिता येईना. काकूंनी भाकरी आणि कैरीचं लोणचं वाढलं. मी काय खाल्लं, मला आठवत नाही.

परतीची गाडी जवळजवळ रिकामी होती. मी खिडकीशी, चाचा शेजारी. एवढंच आठवतं, की आणखी एक वळण गेलं तर माझ्याच्यानं बोलवणार नाही असं मला वाटलं.

“चाचा, बारा नव्हतं.”

“काय?”

“आकडा. बारा नव्हता. चारशे दहा झाला होता. मी शून्य केला.”

ते माझ्याकडं बघत राहिले. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

“कधी?”

“शुक्रवारी. तुम्ही नमाजाला गेला होतात. अडीच वाजता.”

“एकदाच?”

“एकदाच.”

“टेबलाला धक्का?”

“नाही. मी स्वतःला तसं सांगितलं, पण नाही.”

ते उठले आणि गाडीच्या दारात जाऊन उभे राहिले. सगळी बाकं मोकळी होती. कंडक्टर दोनदा म्हणाला, “चाचा, बसा की.” ते नसरापूर येईपर्यंत दांडी धरून उभेच होते. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते. मला वाटलं, उतरल्यावर म्हणतील, बाई, उद्यापासून येऊ नका. माझी तयारी होती.

उतरल्या उतरल्या त्यांनी भाजीचा एक रिकामा टेम्पो हात करून थांबवला. ड्रायव्हरला कारखान्याचं नाव सांगितलं आणि मला म्हणाले, “चढ.”

आम्ही दोघं मागं, रिकाम्या क्रेटांमध्ये. टेम्पो हायवेला लागल्यावर वाऱ्यात त्यांचं बोलणं मला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून ते जवळ सरकले.

“तात्याचं मशीन,” ते म्हणाले, “आदल्या दिवशी माझ्यासमोर तसंच उशिरा थांबलं होतं. मला दिसलं होतं. एकदाच. सुपरवायझर डोक्यावर उभा होता, म्हणाला, ठीक आहे का? मी म्हणालो, ठीक आहे. सही केली.”

मी त्यांच्याकडं वळले.

“तू सांगितलंस तरी,” ते म्हणाले. “मी सांगितलं नव्हतं.”

कारखान्यात मशीन चालू होतं. एक पोक्त कामगार त्याच्यासमोर वाकून कापलेला चुरा ब्रशनं ओढत होता. चाचा धावत गेले. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एका हातानं त्या माणसाचा दंड धरून त्याला मागं खेचलं आणि दुसऱ्या हातानं लाल बटण दाबलं. मशीन थांबलं. त्या माणसाला काहीही झालेलं नव्हतं. तो दोघांकडं आळीपाळीनं बघत म्हणाला, “काय झालं, चाचा? ब्येस चाललं व्हतं की.”

मालक आतून आला. “काय चाललंय? दोन दिवस पाण्यासारखं चाललंय!”

“चाललंय तोवरच घेऊन जातो,” चाचा म्हणाले. “परीक्षेत चूक राहिलीय. कॉम्प्युटर परत नेतो.”

“माझा माल अडकलाय, चाचा! परवा द्यायचाय!”

“चूक माझी आहे.”

“नाही,” मी पुढं झाले. “चूक यांची नाही, मी...”

“बाई,” चाचांनी मला थांबवलं, “शेडवर पाटी माझ्या नावाची आहे.”

मालक पुष्कळ बोलला. बोलायचा त्याला हक्कही होता. शेवटी म्हणाला, बाकीची चार मशीनं विसरा, मी पुण्याहून माणूस आणतो. चाचांनी मान डोलावली, कॉम्प्युटरच्या वायरी एकेक करून काढल्या, गुंडाळल्या, डबा उचलला आणि आम्ही बाहेर पडलो.

पुढचे अकरा दिवस आम्ही तो चारशे दहा शोधत होतो. या अकरा दिवसांत त्यांनी मला त्या बटणाबद्दल एकदाही काही विचारलं नाही. ते फक्त त्या क्षणाबद्दल विचारायचे. वेल्डिंग चालू होतं? नव्हतं. फोन वाजला? नाही. जनरेटरचा आवाज बदलला? नाही. मग काय होतं?

“उकाडा होता,” मी बाराव्या दिवशी म्हणाले. “मी पदरानं वारा घेत होते.”

चाचा तडक उठून बाहेर गेले. दोन तासांनी भोरहून घरची एक जाड गोधडी घेऊन आले आणि आम्ही ती त्या कॉम्प्युटरला चारी बाजूंनी गुंडाळली. आजारी मुलाला गुंडाळतात तशी. दोघं स्टुलावर बसलो. पंचवीस मिनिटं बारा. मग एकदम चारशे सात.

चाचा हसत सुटले. स्टुलावरून उठले, शेडभर फिरले, वेल्डरला हाक मारून आणलं, त्याला आकडा दाखवला. त्या कॉम्प्युटरचा बोर्ड तापला, की मुकादमालाही न विचारता, गुपचूप, सगळं सोडून स्वतःच्या पंख्याची चौकशी करायला जात होता. जाऊन लगेच परत येत होता. एवढंच. बोर्डाची ती सवय आम्ही बंद केली, मोठा पंखा बसवला आणि गोधडीसकट पुन्हा तीन दिवस परीक्षा घेतली. आकडा तेरा. मशीन परत गेलं. नंतर बरीच वर्षं ते विनातक्रार चालत असल्याचं मी ऐकलं. चार मशीनं मात्र आली नाहीत. मालक पुढं रस्त्यात भेटला तर चाचांना नमस्कार करायचा, पण काम त्यानं कधी दिलं नाही.

त्यानंतर कामं कमीच झाली. चाचा लहानसहान दुरुस्त्या करत. मी आणखी अडीच वर्षं तिथं होते. त्या अडीच वर्षांतली एखादी दुपार मला आता परत मिळाली, तर तिच्या बदल्यात काय देईन, सांगता येत नाही. विशेष काही घडत नसे. दोन स्टुलं, एक पडदा, मधे चहा. ते मला कधी त्यांच्या लाँगबुकातलं एखादं पान वाचून दाखवत, कधी मी त्यांना इंग्रजीतला एखादा अवघड परिच्छेद समजावून देई. बाहेर सगळं जग हायवेवरून सुसाट पळत असायचं आणि आम्ही दोघं एक आकडा वाढत नाही हे बघत बसलेलो असायचो.

मग नवऱ्याची पुन्हा बदली झाली, या वेळी लांब. शेवटच्या दिवशी चाचा मला फाट्यापर्यंत सोडायला आले. गाडी समोर दिसल्यावर म्हणाले, “मोठ्या कंपनीत जाशील. तिथं सरासरी विचारतील. सांग. नोकरी आहे, सांगावी लागते. पण खाली एक ओळ लिहीत जा, सगळ्यात वाईट किती ते. कुणी वाचणार नाही. तरी लिही.”

मी ती ओळ लिहीत आले. कुणी फारसं वाचलं नाही, हेही खरं.

सुरुवातीला फोन करायचे. त्यांना फोनवर बोलता यायचं नाही. “बरं आहे ना? ठेवतो,” एवढंच. मग ईदला फक्त. मग तेही राहून गेलं. ते गेल्याचं मला भोरच्या एका ओळखीच्या बाईंकडून बोलता बोलता कळलं. तीन महिने झाले होते.

मी रजा घेऊन भोरला गेले. शेडकडं गेले नाही, तिथं आता काय आहे हे मला बघायचं नव्हतं. सरळ त्यांच्या घरी गेले. चाचींना मी ईदच्या शिरखुर्म्यापुरतीच ओळखत होते. शांत, बारीक चणीच्या बाई. दुपारची वेळ होती. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. शेवटच्या दिवसांबद्दल त्यांनी थोडं सांगितलं. त्रास फार झाला नाही. सकाळी गेले. तात्या वेल्ह्याहून आले होते, दोन दिवस राहिले.

मग त्यांनी ओढणी उगाच सारखी केली.

“तुमाला एक विचारू का?”

“विचारा ना.”

“घरी आले की जेवायचे, नमाज पढायचे, झोपायचे. भांडण न्हाई, तंटा न्हाई, पण बोलणंबी न्हाई. चाळीस वर्षं संसार केला मी. माझ्यापुढं ते दहा वेळा हसले असतील. आणि तात्या म्हणत होते, तिकडं शेडमधी ते खो-खो हसायचे. मला खरं वाटंना. तात्या माझं मन राखायला बोलले असतील.”

“नाही,” मी म्हणाले. “खरं आहे.”

“हसायचे?”

“डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. उठल्या, गल्लीत पोरं खेळत होती त्यांचा आवाज येऊ नये म्हणून दार लोटून घेतलं, आतून कडी लावली आणि परत येऊन माझ्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ बसल्या.

“सांगा,” त्या म्हणाल्या. “कशाला हसायचे ते सांगा.”